टांडबारोचा हात

विभूतिभूषण बंदोपाध्यायांचे 'आरण्यक' आम्ही पहिल्यांदा वाचले ते महाविद्यालयात असताना, मे महिन्याच्या सुटीत, गावच्या घराच्या पडवीत बसून. मराठी अनुवादाची ती प्रत वाचनालयातून आणलेली होती आणि सुटी संपायच्या आत परत करायची होती. त्या वाचनातून काय हाती लागले, असे तेव्हा कुणी विचारले असते तर आम्ही बेलाशक सांगितले असते : चांदणे. लवटुलियाच्या माळावरचे, मैलोनमैल पसरलेले, माणसाला वेड लावणारे चांदणे, काशाचे रान, सरस्वती कुंडीच्या काठची रानफुले. निसर्गावरचे एक थोर पुस्तक, अशी मनाशी नोंद करून आम्ही ते परत केले आणि पुढे कितीतरी वर्षे मित्रांना ते वाचण्याची शिफारस करताना हेच सांगत आलो.

गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा वाचायला घेतले. ह्या वेळी चांदण्यापर्यंत पोचायलाच वेळ लागला, कारण सुरुवातीच्या दोन पानांतच आम्ही अडकलो. कलकत्त्यातले दिवसभराचे काम आटोपून निवेदक मैदानावर एका बदामाच्या झाडापाशी बसला आहे. समोरच्या जमिनीचा उंचसखलपणा पाहून त्याला क्षणभर आपण सरस्वती कुंडीच्या काठी आहोत असा भास होतो आणि मोटारीच्या भोंग्याने तो मोडतो. मग तो सांगतो की, त्या रानाचा नाश आपल्याच हातून झाला आहे, तिथल्या वनदेवता त्याबद्दल आपल्याला कधी क्षमा करणार नाहीत. परंतु आपला अपराध आपल्याच तोंडाने सांगितला तर त्याचा भार हलका होतो असे ऐकले आहे, म्हणून ही हकीकत.

हे दोन परिच्छेद पहिल्या वाचनात आमच्या डोळ्यांखालून गेले नव्हते असे नाही. ते गेले आणि विसरले गेले. विशीतल्या वाचकाजवळ कबूल करण्याजोगे फारसे काही नसते. आता आहे. म्हणून हे टिपण.

*

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. 'आरण्यक' आधी 'प्रवासी' ह्या बंगाली मासिकातून क्रमशः आले आणि १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी दहा वर्षे, १९२९ मध्ये, विभूतिभूषणांचे 'पथेर पांचाली' पुस्तकरूपाने आले होते. ते लिहिले जात होते त्या काळात त्यांचा मुक्काम होता बिहारमध्ये, भागलपूरकडे, कलकत्त्याच्या एका जमीनदार घराण्याच्या इस्टेटीवरचे साहाय्यक व्यवस्थापक म्हणून. 'आरण्यक'मधले रान त्या नोकरीतून आले आहे. मात्र हे प्रवासवर्णन नव्हे, रोजनिशीही नव्हे, ही कादंबरी आहे, हे लेखकाने आरंभीच बजावले आहे. लवटुलिया, फुलकिया बैहार, नाढा बैहार ही रचलेली भूमी आहे. मात्र कोसी नदीपलीकडे अशी दिगंतापर्यंत पसरलेली राने खरोखर होती, असेही तोच सांगतो.

कथा साधी आहे. सत्यचरण हा कलकत्त्यातला बेकार पदवीधर. कॉलेजातला जुना मित्र भेटतो आणि आपल्या घराण्याच्या पूर्णियाकडच्या जंगल महालावर त्याला व्यवस्थापक म्हणून पाठवतो. सुरुवातीला हा शहरी तरुण एकटेपणाने कासावीस होतो. तिथला जुना मुहुरी गोष्ठबाबू त्याला सांगतो की थोडे थांबा, हे रान तुम्हाला धरून ठेवील. तसेच होते. रान त्याला धरते. परंतु त्याला तिथे पाठवलेले असते ते रान राखायला नव्हे. हजारो बिघ्यांची ती जमीन तोडून, जाळून, रयतेला लावून द्यायची आणि नजराणा व खंड वसूल करायचा, एवढ्याचसाठी त्याचा पगार चालू असतो. पुस्तकभर तो जे काही डोळे भरून पाहतो, ते त्याच्याच सहीने नाहीसे व्हायचे असते.

त्यातली आणखी एक बारीक गोष्ट पहिल्या वाचनात आमच्या नजरेतून पूर्ण निसटली होती. ही जमीन मुळात ओसाड नव्हती. गंगेने ती गिळली, तिच्यावरची रयत देशोधडीला लागली, आणि वर्षानुवर्षांनी नदीने ती परत वर काढली तेव्हा तिच्यावर रान माजले. त्या जुन्या रयतेची मुलेबाळे वाडवडिलांची जमीन मागायला येतात, तर जमीनदार त्यांना ती द्यायला तयार नाही. कारण नव्या माणसाकडून नजराणा जास्त मिळतो. म्हणजे 'रान विरुद्ध माणूस' असा सरळ झगडा ह्या कादंबरीत कुठेच नाही. रान आणि तिथली जुनी माणसे एका बाजूला आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आहे कलकत्त्यातली एक वही.

*

ह्या रानाला राखणारे कुणी नाही असे मात्र नाही. उलट ते नाना प्रकारच्या शक्तींनी भरलेले आहे. सरस्वती कुंडीवर चांदण्या रात्री पऱ्या उतरतात, तिथे माणसाने त्या वेळी जाऊ नये, असे तिकडचे लोक सांगतात. बोमाईबुरूच्या रानात तर त्याहून भयंकर गोष्ट घडते. मोजणीसाठी झोपडी बांधून राहिलेल्या अमिनाला रात्री खाटेखाली पांढरे कुत्रे दिसते, मग बाईमाणूस दिसते, आणि शेवटी तो वेडा होतो. पुढे त्याच जागी जमीन घेतलेल्या एका म्हाताऱ्याचा तरुण मुलगा जिवानिशी जातो. विभूतिभूषण हे सगळे खोटे पाडायला जात नाहीत आणि त्याची भयकथाही करत नाहीत. शेजारच्या माणसाने सांगावे तसे सांगून ते पुढे जातात.

आणि मग टांडबारो. तो रानरेड्यांचा देव. रानरेडे धरणारे लोक त्यांच्या वाटेवर खड्डे खणून वर फांद्या पसरून ठेवतात. रात्री कळप येतो, खड्ड्याच्या तोंडाशी येतो, आणि तिथे अंधारात एक उंच काळी आकृती हात वर करून उभी असते. कळप बिचकून मागे फिरतो. तो टांडबारो. पुढे सत्यचरण डोंगरातल्या सांताळांच्या म्हाताऱ्या राजाला, दोबरू पन्नाला, भेटायला जातो. इंग्रजांविरुद्धच्या सांताळ उठावाशी नाते असलेला हा राजा आता गुरे राखतो. त्याच्या घराण्याचे जुने दफनस्थान एका प्रचंड वडाखाली आहे, आणि तिथेही सत्यचरणाला ह्या देवाचा दगड दाखवला जातो. ह्याच घराण्यातली भानुमती पुढे सत्यचरणाला विचारते की भारतवर्ष कुठल्या बाजूला आहे? तिने गयेचे नाव ऐकलेले आहे, मुंगेरचे ऐकलेले आहे; भारतवर्षाचे ऐकलेले नाही. ह्या प्रश्नावर हसू येत नाही. ज्यांचे राज्य होते त्यांना ते कुणाच्या राज्यात विलीन झाले हेही कुणी कळवलेले नाही, एवढेच लक्षात येते.

टांडबारोची गोष्ट आम्ही ह्या वेळी तीनदा वाचली. त्यात आम्हाला जे विशेष वाटले ते असे : हा देव शिकाऱ्याला काहीच करत नाही. त्याला ताप आणत नाही, वेड लावत नाही, त्याचा निर्वंश करत नाही. तो फक्त जनावराला सावध करतो. आपल्याकडच्या राखणदारांची जी कल्पना आमच्या मनात लहानपणापासून घट्ट आहे, तिच्याशी हे अजिबात जुळत नव्हते.

*

आमचे गाव दक्षिण कोकणात. गावाला राई आहे. होती म्हणावे की आहे म्हणावे, हा पुढचा प्रश्न. कोकणात कुठे तिला देवराई म्हणतात, कुठे देवरहाटी, कुठे नुसतीच राई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांकडे जाणकारांचे लक्ष वेधले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी मूळचे रान जिथे टिकून राहिले अशा त्या जागा. आम्हाला अर्थात लहानपणी ह्यातले काही ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होता तो राईचा राखणदार. राईत चपला घालून जायचे नाही, शीळ घालायची नाही, हिरवी फांदी तर सोडाच, सुकलेली काटकीही घरी आणायची नाही.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना राईतून गारंबीची एक बी खिशात घालून आणली होती. गारंबीची बी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो मोह कळेल : तळहातावर मावेल न मावेल एवढी, तपकिरी, गुळगुळीत. संध्याकाळी दिवेलागणीला आजीने ती पाहिली. ती रागावली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, कंदील घेतला, आम्हाला हाताला धरून राईच्या तोंडापर्यंत नेले आणि ती बी आमच्याच हाताने आत टाकायला लावली. परत येताना म्हणाली, "मागे बघू नको." आम्ही पाहिले नाही. त्या राईला लागून आमच्या घराण्याचे सामायिक रान होते. किंजळ, ऐन, सातवीण, सुरंगी, मधून वाहणारा एक व्हाळ. राई कुठे संपते आणि आमचे रान कुठे सुरू होते, हे फक्त तलाठ्याच्या नकाशात कळायचे. धनेशांना ते कळत नव्हते आणि आम्हालाही. राखणदाराचा कायदा दोन्हीकडे सारखाच चाले.

ह्यानंतरची हकीकत कोकणातल्या वाचकांना नवी वाटणार नाही. गावाने देवळाचा जीर्णोद्धार काढला. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचे करायचे, पुढे सभामंडप, खाली फरशी. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली, ती पुरली नाही. तेव्हा राईतली काही जुनी झाडे विकावीत असे ठरले. पण राखणदाराचे काय? तर त्यालाच विचारावे. रीतसर गाऱ्हाणे घातले गेले, देवाच्या पाषाणाला कळ्या लावल्या गेल्या, आणि कौल झाला. उजवा. लाकडाचा ठेकेदार आलाच होता. त्याने लगोलग आमच्या सामायिक रानालाही भाव सांगितला. गुरव तेव्हा आमच्या चुलत भावाला, दादाला, एवढेच म्हणाला होता, "देवान कौल दिल्यान. आता तुमची हरकत नसली म्हणजे झाला."

आमची हरकत नव्हती. आम्ही पुण्यात होतो. संमतीपत्र कुरिअरने आले. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर ठेवून वाचले, खाली सही केली आणि त्याच दिवशी परत पाठवले. कुणी बळजबरी केली नाही, कुणी फसवले नाही. सही करताना आजी आठवली नाही, गारंबीची बी आठवली नाही. आठवले असते तरी सही झाली नसती असे छातीठोकपणे म्हणवत नाही. काही महिन्यांनी आमच्या हिश्श्याचे पैसे आले आणि त्यांत घराची रंगरंगोटी झाली.

दोन वर्षांनी गावी गेलो. देऊळ उंच आणि चकचकीत झाले होते, आत बोलले की आवाज घुमत होता. राईचा गाभा उरला होता, पण कडेने खाल्लेल्या भाकरीसारखा. आमच्या रानाच्या जागी बुंधे आणि रानमोडीचे झुडूप. मे महिन्यापर्यंत वाहणारा व्हाळ मार्चअखेरीस आटला होता. आम्ही भीतभीत चौकशी केली : ठेकेदाराचे कसे काय चालले आहे? उत्तम चालले होते. गुरव? तो म्हातारपणाने, अंथरुणात, शांतपणे गेला होता. कुणाला काही झाले नव्हते. आम्हालाही काही झाले नव्हते. ह्या शेवटच्या गोष्टीने आम्हाला हायसे वाटले, आणि हायसे वाटले हे तेव्हापासून टोचत आले आहे.

*

आता पुन्हा 'आरण्यक'कडे येतो. बोमाईबुरूच्या रानाने शिक्षा कुणाला केली? मोजणीला पाठवलेल्या अमिनाला, म्हणजे एका पगारी नोकराला. आणि पोटासाठी जमीन घेतलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाला. ज्याने ते रान विकायला काढले तो जमीनदार कलकत्त्यात सुखरूप आहे. त्याने बोमाईबुरू कधी पाहिलेलेच नाही, तर बोमाईबुरूने त्याला कुठे गाठावे? भीतीने चालणाऱ्या राखणदारीची ही मर्यादा विभूतिभूषणांनी कुठे स्पष्ट शब्दांत लिहिलेली नाही, पण घटनांच्या मांडणीत ती आहे. जो जवळ जातो, तोच त्या शक्तीच्या टप्प्यात येतो. लांबून कागद पाठवणारा येत नाही. आमच्या आजीच्या काळी राईला धोका होता तो कोयता घेऊन आत शिरणाऱ्याचा, आणि त्याला रोखायला राखणदाराची भीती पुरेशी होती. टेबलावर बसून सही करणाऱ्यासाठी ती कल्पना घडवलेलीच नव्हती. शिवाय जी शक्ती भीतीने राखते तिची परवानगीही काढता येते. आणि परवानगी निघाली की भीती गेली, भीती गेली की राखण गेली. कौल खरा होता की खोटा, ह्या वादात आम्हाला पडायचे नाही. गावाने तो मनापासून घेतला असेल. प्रश्न एवढाच की, त्यानंतर झाडाच्या बाजूने बोलायला कुणी शिल्लक राहिले नाही.

टांडबारोकडून असा कौल कुणी घेतल्याचे पुस्तकात नाही. तो शिकाऱ्याशी बोलतच नाही. तो खड्ड्याच्या तोंडाशी, जनावराच्या बाजूने उभा आहे. पण त्याचाही हात किती लांब पोचणार? हा प्रश्न स्वतः सत्यचरणालाच पडतो. रान सोडून आल्यावर पुष्कळ दिवसांनी, जेठाच्या उन्हात, कलकत्त्याच्या बडाबाजारात तो एक गाडीवान पाहतो. गाडीत अतोनात ओझे आहे आणि गाडीवान जुंपलेल्या रेड्यांना चाबकाने फोडून काढतो आहे. सत्यचरणाला टांडबारो आठवतो, आणि हेही उमगते की ह्या रस्त्यावर त्या देवाचा हात पोचणार नाही. पहिल्या वाचनात ही जागा आम्हाला केवळ करुण वाटली होती. आता वाटते, पुस्तकाचे मर्म इथे आहे. रानाच्या देवाचा हात रानापुरता. शहरात, बाजारात, कचेरीत, जेवणाच्या टेबलावर त्याच्या वतीने हात वर करायचा तर तो माणसालाच करावा लागेल. सत्यचरणाने तो वेळेवर केला नाही. म्हणूनच शेवटी रान सोडताना त्याला आदिम देवतांची क्षमा मागावी लागते.

तसा हात वर न करताही, नुसत्या खुरप्यानिशी, एक माणूस ह्या पुस्तकात रानाची सेवा करतो. तो युगलप्रसाद. त्याला ना जमीन आहे ना पैसा. कुठून कुठून फुलझाडांचे बी, वेलींच्या मुळ्या आणून तो रानात लावत हिंडतो. स्वतःच्या अंगणात लावत नाही. जिथे त्याचा कवडीचा हक्क नाही अशा रानात लावतो, आणि पुन्हा फूल आले की पाहून येतो. लोक त्याला वेडा समजतात. सत्यचरण एकटाच त्याला ओळखतो आणि दोघे मिळून सरस्वती कुंडीचा काठ सजवतात. कलकत्त्याहून विलायती रानफुलांचे बीसुद्धा मागवतात. जे रान आपण विकणार हे ठाऊक आहे, त्यातच फुले लावण्याचा हा उद्योग. हा ढोंगीपणा का? आम्ही ह्यावर बराच विचार केला. युगलप्रसादाचा तो ढोंगीपणा नाही, कारण त्याच्या हाती विकणे-न विकणे काहीच नाही. त्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले. सत्यचरणाचा मात्र थोडा आहे. त्यालाही ते कळते. सरस्वती कुंडीभोवतीची जमीन तो होता होईतो लावून देत नाही, दिवस ढकलतो, आणि ती आपल्या हातून फार काळ राखली जाणार नाही हेही जाणून असतो.

*

इथवर येऊन सरळ निष्कर्ष काढता आला असता : सही करू नये. पण 'आरण्यक' तसे करू देत नाही, कारण त्यात कुंता आहे. एके काळी बऱ्या स्थितीत असलेली, आता विधवा आणि निराधार झालेली ही बाई कडाक्याच्या थंडीत, रात्री, कचेरीबाहेर उभी असते. मॅनेजरच्या ताटात उरलेला भात मुलांसाठी मिळावा म्हणून. ह्या मुलखात माणसे कलईचे सातू आणि गवताचे दाणे खाऊन राहतात. भात म्हणजे चैन. नुसते पोटभर जेवायला मिळणार म्हणून लोक पावसातून कोसच्या कोस चालत येतात. रान तोडून ज्यांना जमीन दिली जाते, त्यांच्यांत हीच माणसे आहेत. सत्यचरण कुंतालाही जमीन देतो, आणि वाचताना आपल्याला आनंद होतो. तो आनंद खरा आहे आणि रानाचे दुःखही खरे आहे. विभूतिभूषण ह्यांतले एक दुसऱ्याने पुसून टाकत नाहीत. चांदण्याचे गुणगान करणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांनी मात्र कुंता सोयीस्करपणे विसरून चांदणे तेवढे घरी आणले.

हे सगळे आत्ताच का लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. आमच्या टेबलावर दुसरे संमतीपत्र येऊन पडले आहे. व्हाळाच्या पलीकडचा एक पट्टा पहिल्या तोडीतून वाचला होता, उताराचा होता म्हणून. आता तिथवर ट्रक जाईल असा रस्ता झाला आहे. सुरंगीची झाडे आहेत ती तिथेच. दादाच्या धाकट्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे आणि फीचे पैसे भरायचे आहेत. दादाची बागायत दोन वर्षे नीट आलेली नाही. आम्ही फोनवर का-कू केली, तेव्हा तो चढ्या आवाजात नव्हे, अगदी थंडपणे म्हणाला, "तू पुण्यात बसून झाडे वाचवणार. आम्ही इथे राहून काय वाचवायचे, ते पण सांग."

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ पाठ केलेले उत्तर नव्हते. पहिल्या वेळी सही केली तेव्हा दादाने विचारले नव्हते, कारण आम्हीच काही विचारले नव्हते. आता विचारायला लागलो तर त्यानेही विचारावे, हे रास्तच आहे. राखणदारी फुकट होत नाही. आजीच्या पिढीने तिची किंमत दिली होती : पावसाळ्यात सरपण संपले तरी राईतली काटकी आणली नाही, चूल ओल्या लाकडावर फुंकली. आम्ही ती किंमत दादाच्या मुलीकडून घ्यावी, हे कुठल्याच देवाला पटणारे नाही.

चार दिवस घालवून आम्ही दादाला पत्र लिहिले. फोन केला नाही, कारण फोनवर आम्ही माघार घेतली असती. पत्रात लिहिले की, आमची सही मिळणार नाही. पहिल्या तोडीत आमच्या हिश्श्याचे जे पैसे आले होते, तेवढे आम्ही मुलीच्या फीसाठी पाठवत आहोत. ते उसने नव्हेत, ते पैसे मुळात रानाचे होते. उरलेल्या वर्षांच्या फीचे कसे करायचे ते दोघे मिळून पाहू. दिवाळीत येतो तेव्हा तो पट्टा आम्हाला दाखव, कारण खरे सांगायचे तर आम्ही तो तीस वर्षांत पाहिलेला नाही.

ह्याने रान वाचेल, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. दहांनी सह्या केल्या तर अकरावा फार तर एकदोन पावसाळे खेळवून ठेवू शकतो. वाटणी मागून ते लोक आपापला भाग तोडतील. सत्यचरणानेही सरस्वती कुंडी अशीच काही दिवस राखली होती. अपराध सांगितल्याने भार हलका होतो असे त्याने ऐकले होते. आम्ही इथे सांगून पाहिला. फारसा हलका झालेला नाही. मात्र पत्र टाकून आल्यावर त्या रात्री बऱ्याच वर्षांनी आजी डोळ्यांसमोर आली, हातात कंदील घेतलेली. तिने आम्हाला मागे बघू नको म्हणून बजावले होते. तिचे ते ऐकायला नको होते, असे आता वाटते.

दादाचे उत्तर अजून आलेले नाही. संमतीपत्र टेबलावरच आहे, कोरे.